शाळेविना शिक्षक

देशात दहा हजारांहून अधिक स्वतंत्र अध्यापक महाविद्यालयं आहेत. त्यांतली बहुसंख्य शिक्षक घडवण्याचा गंभीर प्रयत्नसुद्धा करत नाहीत; पैसे घेऊन पदव्या विकतात. हा आरोप माझा नाही, विरोधी पक्षाचा नाही आणि एखाद्या चिडलेल्या पालकाचाही नाही. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाच्या २०१२च्या अहवालाचा हवाला देऊन भारत सरकारनं तो आपल्या २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात छापलेला आहे.

म्हणजे सरकारला ठाऊक आहे. लेखी ठाऊक आहे. तरीही दर पावसाळ्यात याच महाविद्यालयांची प्रवेशफेरी निघते, याच विद्यापीठांचे पदवीदान समारंभ होतात आणि तिथून बाहेर पडलेल्या तरुण-तरुणींच्या हाती आपण पहिलीचा वर्ग देतो. पदवी विकली जाते हे ठाऊक असूनही ती पदवी ग्राह्य धरणारा या व्यवहारात भागीदार असतो. विकणाऱ्याइतकाच.

हा आयोग आपल्यामुळे नेमावा लागला

वर्मा आयोगाचं मूळ महाराष्ट्रात आहे, हे आपण सोयीनं विसरलो. २००८च्या सुमारास राज्यात २९१ नवी डी.एड. विद्यालयं काढण्याचे अर्ज आले. राज्य सरकार म्हणालं, नकोत, आहेत तीच जास्त झालीत. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या भोपाळमधल्या पश्चिम विभागीय समितीनं तरीही मान्यतेचा मार्ग मोकळा केला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०११ साली हा आयोग नेमला गेला. आयोगानं विद्यालयांची तपासणी करवली, तेव्हा पात्र ठरली अवघी ४४.

तपासणीच्या दिवसापुरतं ग्रंथालय लावायचं, प्रयोगशाळेच्या पाटीला ताजा रंग द्यायचा, प्राध्यापकांची यादी दुसऱ्या संस्थेतून उसनी आणायची, हे या क्षेत्रात कोणाला ठाऊक नाही? ‘नॉन-अटेंडिंग’ हा शब्द बी.एड.च्या प्रवेशाच्या वेळी उघडपणे उच्चारला जातो. मूल शाळेत आलं नाही तर त्याच्या घरी जाऊन त्याला आणायचं, हे ज्याचं पुढचं काम, तो स्वतःच्या शिक्षणाला गैरहजर राहून शिक्षक होतो.

एक, दोन, चार आणि पुन्हा एक

दुरुस्तीच्या नावाखाली आपण आजवर हात लावला तो मुख्यतः एकाच गोष्टीला: अभ्यासक्रम किती वर्षांचा असावा. बी.एड. वर्षभराचं होतं. एनसीटीईच्या २०१४च्या नियमांनी ते २०१५पासून दोन वर्षांचं झालं. मग २०२०चं धोरण म्हणालं, २०३०पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच शिक्षकाची किमान पात्रता असेल. २०२३-२४मध्ये देशातल्या ५७ संस्थांत ती पथदर्शी म्हणून सुरूही झाली. आणि २०२५मध्ये, आधीच चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी एक वर्षाचं बी.एड. परत आणण्याचा मसुदा आला.

चार वर्षांची कल्पना मला मान्य आहे. ती नवीही नाही. अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर इथल्या प्रादेशिक महाविद्यालयांत साठच्या दशकापासून चार वर्षांचा अभ्यासक्रम होता. प्राथमिक शिक्षकांसाठीचा दिल्ली विद्यापीठाचा बी.एल.एड. १९९४ साली सुरू झाला आणि त्यातून खरोखर चांगले शिक्षक निघाले. पण ते चार वर्षांमुळे निघाले नाहीत. त्या वर्षांत त्यांना भाषा, गणित, बालमानस यांचा नेटानं अभ्यास करावा लागला आणि शाळेत भरपूर राहावं लागलं, म्हणून निघाले. एका वर्षाची पोकळी चार वर्षांवर पसरली, तर आई-बापांचा खर्च चौपट होतो. शिक्षक आहे तिथेच राहतो.

रुग्णालयाशिवाय वैद्यकीय महाविद्यालय?

वैद्यकीय महाविद्यालय काढायचं तर त्याला जोडून रुग्णालय लागतं. खाटा लागतात, रुग्ण लागतात, बाह्यरुग्ण विभागात रोज किती माणसं येतात हे दाखवावं लागतं. रुग्णालय नसेल तर मान्यता नाही. यावर कोणी वाद घालत नाही, कारण रुग्णाला हात न लावता डॉक्टर होता येत नाही हे सगळ्यांना पटलेलं आहे.

अध्यापक महाविद्यालय काढायला काय लागतं? जमीन लागते, इमारत लागते, इतके चौरस मीटर बांधकाम, इतकी पुस्तकं, इतक्या मुदतठेवी. शाळेशी फक्त पत्रव्यवहार लागतो. अमुक शाळा आमच्या छात्राध्यापकांना पाठ घेऊ देतील, एवढं संमतिपत्र पुरतं. पूर्वीच्या ट्रेनिंग कॉलेजांना स्वतःची प्रॅक्टिसिंग स्कूल असायची. कॉलेजं गावोगाव झाली, शाळा मागे राहिली.

शिक्षक-शिक्षणाचं सगळं दुखणं इथं आहे. माझं म्हणणंही एवढं एकच आहे: शिक्षक शाळेत घडतो. चांगलं शिकवणाऱ्या दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गात बसून, त्याच्या देखरेखीखाली स्वतः शिकवून, चुकून, त्या चुकीवर त्याच दिवशी बोलून घडतो. ज्या महाविद्यालयाला शाळा नाही, त्याला शिक्षक घडवण्याचा अधिकार नाही.

हे आज कळलेलं नाही. १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगानं देशाच्या शिक्षणाचा धांडोळा घेतला. त्याचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. शिक्षक-प्रशिक्षण विद्यापीठांपासून तुटलं आहे, शाळांपासून तुटलं आहे आणि प्रशिक्षण संस्था एकमेकींपासूनही तुटल्या आहेत, असं निदान त्या आयोगानं केलं. साठ वर्षं होत आली. निदान जसंच्या तसं लागू पडतं आणि औषध अजून कोणी दिलेलं नाही.

टाचणवहीतलं मूल

दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये किमान वीस आठवडे शाळेत काढायचे असा नियम आहे. कागदावर ही आंतरवासिता छान दिसते. प्रत्यक्षात बरेचदा काय होतं? छात्राध्यापक शाळेत येतात आणि मुख्याध्यापक कपाळाला हात लावतात. अभ्यासक्रम मागे पडलेला असतो, परीक्षा तोंडावर असते. मग त्यांना ऑफ तास मिळतात, रजेवर गेलेल्या शिक्षकांचे वर्ग मिळतात, हजेरीपत्रकं आणि निकालपत्रकं लिहायला मिळतात. महाविद्यालयातून पाठ पाहायला आलेले प्राध्यापक मागच्या बाकावर थोडा वेळ बसतात, फलकलेखन सुधारा, आवाजात चढउतार हवा, असे दोन शेरे मारतात, सही करतात आणि पुढच्या शाळेत जातात. त्यांच्या वाट्याला एका दिवसात इतके पाठ आलेले असतात की दुसरं काही शक्यही नसतं.

आणि ते पाठाचं टाचण. डाव्या रकान्यात शिक्षककृती, उजव्या रकान्यात विद्यार्थीकृती. शिक्षक काय विचारणार हे जसं आधी लिहायचं, तसं मूल काय उत्तर देणार हेही आधी लिहायचं. पाठाच्या पाच पायऱ्यांची हर्बार्टची पंचपदी एकोणिसाव्या शतकातून निघाली ती आपल्या जर्नलांत अजून मुक्कामाला आहे. टाचणाला माझा विरोध नाही. तयारी न करता वर्गात जाणं हा मुलांचा अपमान आहे. माझा विरोध उजव्या रकान्याला आहे. तिथे लिहिलेलं उत्तर न देणारं मूल प्रत्यक्ष वर्गात बसलेलं असतं. ते वेगळंच काही बोलतं किंवा गप्प बसतं, आणि शिकवण्याचं खरं काम त्या क्षणी सुरू होतं. आपलं प्रशिक्षण नेमकं त्या क्षणी संपतं.

त्रेसष्ट की छत्तीस?

एक उदाहरण घेऊ. दुसरीतल्या मुलीला बाईंनी त्रेसष्ट लिहायला सांगितलं, तिनं ३६ लिहिलं. ही मुलगी गणितात कच्ची नाही. तिनं जे ऐकलं ते इमानदारीनं लिहिलं: आधी तीन कानांवर पडले, मग साठ. मराठीत एकक आधी उच्चारतात आणि दशक नंतर. लिहिताना क्रम उलटा. ज्या शिक्षिकेला हे ठाऊक आहे ती दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या काढते, सहा गठ्ठे आणि तीन सुट्या मांडते आणि मुलीला स्थानिक किमतीशी नेऊन भिडवते. जिला ठाऊक नाही ती फुली मारते आणि दहा वेळा लिहून आणायला सांगते. चौथीत ही मुलगी गणित सोडते. दहावीत गणित तिला सोडतं.

जून २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात डॉ. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं संख्यावाचनाची ‘साठ तीन’ ही पद्धत जोडीला दिली, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. वाहिन्यांवर चर्चा झाल्या, विधिमंडळातही विषय गाजला. भाषा बुडाली इथपासून ते मुलं वाचली इथपर्यंत सगळे बोलले. एक प्रश्न मात्र कोणी विचारला नाही: मुलं इथं का अडतात हे डी.एड.ला शिकवतात का? ते तिथं नीट शिकवलं जात असतं, तर पुस्तकातल्या एका पानावर एवढा भार पडला नसता.

अपूर्णांकांचा भागाकार करताना दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा, ‘ऋण गुणिले ऋण धन’ का होतं, जोडाक्षरं आधी शिकवायची की स्वरचिन्हं, घरी कोरकू, पावरी किंवा माडिया बोलणाऱ्या मुलाला मराठी वाचायला कसं शिकवायचं, एका खोलीत तीन इयत्ता बसलेल्या असताना कोणाला कधी काय द्यायचं. मेळघाटातल्या, धडगावातल्या, भामरागडातल्या द्विशिक्षकी शाळेत रुजू होणाऱ्या शिक्षकासमोर हे प्रश्न पहिल्या दिवशी उभे राहतात. पदवीच्या प्रश्नपत्रिकेत त्याला विचारलेलं असतं: शिक्षणाच्या कोणत्याही चार व्याख्या लिहा.

शिकवणाऱ्यांना शिकवणारे

पहिलीच्या वर्गावर कधीही उभा न राहिलेला माणूस पहिलीच्या शिक्षकाला शिकवतो. आपल्या व्यवस्थेत हा अपवाद नाही, सर्वसाधारण नियम आहे. बी.एड. केलं, एम.एड. केलं, नेट-सेट झालं, पीएच.डी. झाली आणि माणूस थेट अध्यापक महाविद्यालयात उभा राहिला. यात त्याचा दोष नाही; नियमांनी त्याच्याकडून तेवढंच मागितलं. पण उलट दिशेनं पाहा. वीस वर्षं पहिलीला हातखंडा शिकवणाऱ्या, वस्तीवरच्या प्रत्येक मुलाला वाचतं करणाऱ्या जिल्हा परिषदेच्या बाईंना डी.एड.च्या वर्गात शिकवायला आपण बोलावत नाही, कारण त्यांच्याकडे एम.एड. नाही.

जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, १९८६च्या धोरणानंतर शिक्षकांना शिकवण्याच्या याच कामासाठी काढल्या. प्रत्येक जिल्ह्यात शिक्षकाचा एक हक्काचा पाठीराखा असावा, ही फार चांगली कल्पना होती. आज त्यांतल्या अनेकांत अधिव्याख्यात्यांची पदं रिकामी आहेत आणि जे आहेत ते अहवाल भरण्यात बुडाले आहेत.

नोकरीतल्या प्रशिक्षणाचं काय? राज्यस्तरावर कोणीतरी शिकतं, ते जिल्ह्याला सांगतं, जिल्हा तालुक्याला, तालुका केंद्राला. केंद्रावरच्या शिक्षकापर्यंत पोहोचतात त्या स्लाइड, उपस्थितीची सही आणि ‘लिंक भरली का?’ हा ग्रुपवरचा निरोप. ज्याच्या वर्गात ते उतरायला हवं, त्याच्या वर्गात कोणीच येत नाही.

परीक्षा कोणाची?

शिक्षण हक्क कायद्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आली. महाराष्ट्राची पहिली टीईटी २०१३ साली झाली. तेव्हापासून उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण बहुतेक वेळा एक आकडी टक्क्यांत राहिलं आहे. हे सगळे पदविका-पदवीधारक. निकाल लागला की आपण म्हणतो, पोरांचा दर्जा घसरला. ज्या संस्थांनी या पोरांना प्रथम श्रेणी देऊन बाहेर पाठवलं, त्यांच्याकडे बोट का जात नाही?

१ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: आधीपासून नोकरीत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं, नाहीतर नोकरी सोडावी. वीस-पंचवीस वर्षं शिकवत आलेले शिक्षक आता संध्याकाळी क्लासला बसतात. निकालाचा आदर राखून मी सरकारला विचारते: या शिक्षकांना तुम्हीच मान्यता दिलेल्या संस्थांनी पदविका दिल्या, तुम्हीच निवडलं, तुम्हीच नेमलं. तुमच्या पदविकेवर तुमचाच विश्वास उरलेला नसेल, तर परीक्षा फक्त शिक्षकाची का? पदविका देणाऱ्याची का नाही?

शिवाय ही परीक्षा तरी काय मोजते? दीडशे बहुपर्यायी प्रश्न. शिकवताना पाहणं नाही, मुलाशी बोलताना ऐकणं नाही. आणि जिथे सगळं एका गुणपत्रिकेवर येऊन थांबतं, तिथे ती गुणपत्रिका विकायला कोणीतरी बसतंच. डिसेंबर २०२१मध्ये पुणे पोलिसांनी टीईटी घोटाळ्यात राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक केली. पुढे पावणेआठ हजारांहून अधिक उमेदवारांवर परिषदेला कारवाई करावी लागली.

हुशार मुलं कुठे गेली?

नव्वदच्या दशकात बारावीला उत्तम गुण मिळवलेली खेड्यातली मुलं-मुली डी.एड.ला रांग लावत. पदविका झाली की जिल्हा परिषदेत नोकरी लागायची आणि एक घर उभं राहायचं. ती पिढी अजून कित्येक शाळा पेलून धरते आहे. मग संस्थाचालकांना यातला पैसा दिसला. डी.एड. विद्यालयांची संख्या हजाराच्या पुढे गेली. ऑक्टोबर २०११मध्ये राज्यात पटपडताळणी झाली, लाखो बोगस विद्यार्थी सापडले, शिक्षक अतिरिक्त ठरले आणि मे २०१२पासून शिक्षकभरती थांबली. भरतीसाठीची पहिली अभियोग्यता चाचणी झाली डिसेंबर २०१७मध्ये, दुसरी थेट २०२३मध्ये. नेमणूक झालेल्याला प्राथमिकचा शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं महिना सहा हजार रुपये. २०२३मध्ये ते सोळा हजार झाले, तेही उच्च न्यायालयानं फटकारल्यावर.

भरतीचं वेळापत्रक नाही आणि सुरुवातीच्या पगारात घरभाडं निघत नाही, हे दिसत असताना कोणती हुशार मुलगी या वाटेनं येईल? खाजगी अनुदानित शाळेत जायचं तर आधी डोनेशनचा आकडा विचारावा लागतो. नागपूर विभागातला २०२५चा शालार्थ आयडीचा, म्हणजे शिक्षकांच्या पगारप्रणालीतल्या ओळखक्रमांकांचा घोटाळा तर त्याच्याही पुढचा: नेमणुकाच बनावट आणि पगार खरे. उत्तम अभ्यासक्रम लिहिला तरी त्यात चांगली मुलं यायची असतील, तर पलीकडच्या टोकाला सन्मानाची नोकरी दिसावी लागते. प्रशिक्षण आणि भरती या दोन वेगळ्या फायली नाहीत.

आपल्याच मातीतला धडा

शाळा पाहून शिक्षक होतो, याचा महाराष्ट्राएवढा मोठा पुरावा दुसरीकडे क्वचितच सापडेल. जोतीराव फुल्यांनी नगरला मिस फरार यांची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंनी नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकाचं शिक्षण घेतलं. देशातल्या सर्वांत वंदनीय शिक्षिका प्रशिक्षित शिक्षिका होत्या, हे त्यांच्या जयंतीच्या भाषणांत कोणी सांगत नाही. पुढे १८८२ साली हंटर आयोगासमोर निवेदन देताना जोतीरावांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, नांगराची मूठ धरायला लाजू नयेत आणि त्यांना पुरेसा पगार मिळावा, असं मागितलं. निवड, प्रशिक्षण, पगार. तिन्ही गोष्टी एका माणसानं एका निवेदनात बांधल्या होत्या. आपल्या मंत्रालयात आज त्या वेगवेगळ्या टेबलांवर आहेत.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे जाईल, म्हणून अंगणवाडी आणि कुरणशाळा निघाल्या. तिथे बालवाडी आणि बालशिक्षिकांचं प्रशिक्षण शेजारी शेजारी चाललं. शिकणारी शिक्षिका सकाळी जे पाहायची, त्यावर दुपारी बोलायची. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेनं वाचन शिकवण्याची पद्धत शाळा चालवता चालवता घडवली.

आणि अगदी अलीकडचं, सरकारी शाळांतलं उदाहरण हवं असेल तर सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट घ्या. विस्तार अधिकारी आणि जिल्हा परिषदेचे शिक्षक यांनी मिळून वर्गांची मांडणी बदलली, जमिनीवर, भिंतींवर, साहित्यातून शिकणं आणलं. राज्यभरातून शिक्षक तिथे आले, वर्गात बसले आणि परत जाऊन आपापल्या शाळेत कामाला लागले. जून २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या शासननिर्णयामागे या अनुभवाचं बळ होतं. स्लाइडनं जे झालं नव्हतं, ते एका चालत्या वर्गाच्या दर्शनानं झालं. मग आपण पुढे काय केलं? भेटींचे अहवाल मागवले आणि फरशीवर रंगवलेल्या आकृत्या मोजल्या.

मग करायचं काय?

प्रत्येक डी.एड. आणि बी.एड. महाविद्यालयाला जिल्हा परिषदेच्या किंवा पालिकेच्या शाळा बांधून द्या. संमतिपत्राच्या नव्हे, जबाबदारीच्या. त्या शाळांत तिसरीपर्यंतच्या मुलांचं वाचन आणि गणित सुधारलं का, यावर महाविद्यालयाची मान्यता टिकवा किंवा काढा. चौरस मीटर मोजणं थांबवा.

त्या शाळांतल्या उत्तम शिक्षकांना मार्गदर्शक शिक्षक म्हणून नेमा. त्यांचे तास कमी करा, मानधन द्या, त्यांची सही पदवीसाठी प्राध्यापकाच्या सहीइतकी मोलाची ठरवा. प्राध्यापकांनाही दर काही वर्षांनी एक सत्र शाळेत वर्ग चालवायला पाठवा. ज्यांना ते नकोसं वाटेल, त्यांनी दुसरा विषय शिकवावा.

टीईटीचा निकाल महाविद्यालयवार जाहीर करा. कोणत्या संस्थेचे किती विद्यार्थी बसले, किती उत्तीर्ण झाले, हे प्रवेशाच्या आधी संकेतस्थळावर आणि संस्थेच्या दारावर लावा. राज्य परीक्षा परिषदेकडे ही माहिती गोळा करण्याची यंत्रणा आहे. एवढी एक गोष्ट केली तरी पदवीच्या दुकानांची गिऱ्हाइकं निम्मी होतील.

डाएटची रिकामी पदं भरा. भरतीचं वर्षाचं वेळापत्रक कायद्यानं बांधा. पुढच्या पाच वर्षांत किती शिक्षक निवृत्त होणार हे सरकारला आज सांगता येतं. तेवढ्याच जागा महाविद्यालयांना द्या, म्हणजे हजारो तरुणांची उमेदीची वर्षं वाया जाणार नाहीत.

दोन हरकती

पहिली हरकत येईल पैशांची. इमारती उभ्या आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळा उभ्या आहेत, दोन्हीकडे पगार चालू आहेत. लागणारा पैसा मार्गदर्शक शिक्षकांच्या मानधनाचा आणि थोड्या प्रवासाचा आहे. पाचवीत येऊनही दुसरीच्या पातळीचा मजकूर न वाचता येणारी मुलं ग्रामीण भारतात निम्म्याच्या आसपास आहेत, असं ‘असर’ या सर्वेक्षणाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगत आहेत. निकृष्ट शिकवण्याची ती किंमत आपण भरतोच आहोत, फक्त ती कुठल्या अर्थसंकल्पात दिसत नाही.

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे: गरिबाच्या मुलांवर शिकाऊ शिक्षकांनी प्रयोग का करायचे? ही हरकत मला मान्य झाली असती, पण आज काय चाललं आहे ते पाहा. नवा शिक्षक आजही आपले पहिले प्रयोग गरिबाच्या मुलांवरच करतो. फरक इतकाच की तो ते एकटा करतो, दुर्गम शाळेत करतो, पदवी हातात पडल्यावर करतो आणि त्याच्या मागे पाहणारं, सावरणारं कोणी नसतं. मी म्हणते, तेच शिकणं जाणत्या शिक्षकाच्या नजरेखाली होऊ द्या. मुलांचं संरक्षण त्यात आहे.

खरी अडचण तिसरीच आहे आणि ती हरकत म्हणून कोणी मांडणार नाही. आपल्या तालुक्यातल्या अध्यापक महाविद्यालयाच्या पाटीवर कोणाचं नाव आहे ते वाचा. आमदाराच्या वडिलांचं असेल, माजी मंत्र्यांच्या आईचं असेल, कारखान्याच्या अध्यक्षांचं असेल. मान्यता कायम ठेवा म्हणणारे आणि मान्यता काढण्याचा कायदा करणारे अनेकदा एकाच घरातले असतात. म्हणून हे काम आपोआप होणार नाही. ते पालकांनी, शिक्षक संघटनांनी आणि डी.एड.-बी.एड. करणाऱ्या मुला-मुलींनी मागून घ्यावं लागेल. शिक्षक संघटनांनी टीईटीच्या सक्तीविरुद्ध जेवढा आवाज लावला, तेवढाच आपल्या पेशाची पदवी विकणाऱ्यांविरुद्ध लावावा. त्यांचं हित त्यात जास्त आहे, कारण प्रत्येक विकत घेतलेली पदवी प्रामाणिक शिक्षकाची पत कमी करते.

आणि यंदा प्रवेश घेणाऱ्या मुला-मुलींनो, तुमच्यासाठी एक सांगणं. फी भरण्याआधी संस्थेत जा आणि विचारा, तुमची शाळा कुठे आहे, तिथे मला कोण शिकवणार आहे, मला त्यांचा वर्ग आज पाहता येईल का. वर्ग दाखवतील तर प्रवेश घ्या. फीचं पत्रक पुढे सरकवतील तर उठून या. तुमचे पैसे वाचतील, तुमची दोन वर्षं वाचतील आणि ज्या पन्नास मुलांसमोर तुम्ही उद्या उभे राहणार आहात त्यांची पाच वर्षं वाचतील.